न मोजलेल्या चुका

ऑफिसात तिला सगळे चाळणी म्हणायचे. तोंडावर म्हणायचे आणि तिलाही त्यात वावगं वाटायचं नाही. हजारो रेघांच्या आराखड्यातली एखादी रेघ भलतीकडे वळली असली, तर डबा खाता खाता ती त्यावर बोट ठेवायची. "ही बघा, इथं घोळ आहे." आणि तिथं घोळ असायचाच.

तिचं काम चुकांचंच होतं. कॉम्प्युटरच्या मेमरीत सगळी माहिती शून्य आणि एक अशा दोन खुणांनी ठेवलेली असते. एकेक खूण म्हणजे इवल्याशा खणात कोंडलेला विजेचा कण. खण तापला की तो कण झिरपतो आणि एकाचं शून्य होऊन बसतं. म्हणून दर चौसष्ट खुणांमागे आठ जादा खुणा ठेवतात, राखणदार म्हणून. वाचताना राखणदारांचं गणित जुळलं नाही, की कोणती खूण उलटली ते सर्किटला कळतं आणि ती सुलटी करून ते पुढे पाठवतं. एक चूक असली तर अशी बिनबोभाट दुरुस्त होते. दोन असल्या तर दुरुस्ती जमत नाही, पण सर्किट निदान बोंब तरी मारतं, की थांबा, हे खरं नाही. तीन चुका एकाच जागी झाल्या तर मात्र त्याची फसगत होण्याची फार भीती. त्याला वाटतं एकच चूक आहे. मग ते चौथीच एखादी धडधाकट खूण उलटी करतं आणि सगळं ठीक म्हणून पुढे सोडून देतं.

तीन चुका एका जागी सहसा होत नाहीत, असं तिला शिकवलं होतं. पुढे तिनंही नव्यांना तेच शिकवलं.

तर झालं असं, की साहेबांनी एक दिवस सगळ्यांना बोलावून सांगितलं, नव्या चिपमधलं हे दुरुस्तीचं सर्किट दीडपट जलद आणि निम्म्या विजेवर चाललं पाहिजे. साहेब माणूस वाईट नव्हता. पण वरच्यांना "होईल" म्हणून यायचा आणि मग खाली येऊन "कसं होईल?" विचारायचा.

चाळणीनं सात महिने मान मोडून काम केलं. जलद करणं तिला चटकन जमलं. शंभरातल्या नव्व्याण्णवाहून जास्त वेळा चूक नसतेच, मग प्रत्येक वेळी माहितीला दाराशी ताटकळत का ठेवायचं? तिनं माहिती पुढे जाऊ दिली आणि तपासणी बरोबरीनं चालवली. खोट निघालीच तर मागून हाळी द्यायची. विजेचं मात्र काही केल्या जमेना. दुरुस्तीचा भाग एरवी झोपवून ठेवला, तारा आखूड केल्या, तरी निम्म्याला काही पोचेना.

शेवटी तिनं तीन गोष्टी काढून टाकल्या. दुरुस्त केलेली माहिती पुन्हा खणात लिहायची असते, ते लिहिणं काढलं. रिकाम्या वेळात सर्किट साऱ्या मेमरीवरून एक फेरी मारतं आणि न वाचलेल्या जागा तपासतं, ती झाडलोट काढली. आणि आजवर किती चुका दुरुस्त केल्या ते मोजणारा मोजक होता, तोही काढला. म्हणजे वाचणाऱ्याला माहिती सुलटी मिळायची, पण खणातली मूळ खूण उलटी ती उलटीच राहायची. पुढच्या खेपेला वाचली की पुन्हा सुलटी होईलच की, असा तिचा हिशेब. वीज बरोबर निम्म्यावर आली.

"वा गं चाळणे!" साहेब म्हणाले. "मोजकाचे आकडे वाचत होतं तरी कोण?"

चाचणी विभागात निवृत्तीला टेकलेले एक गृहस्थ होते. त्यांना सगळे आजोबा म्हणत. त्यांनी आराखडा दोनदा उलटसुलट पाहिला. "झाडू काढलास, मोजदादही काढलीस. मग घरात केर किती साचला ते कळायचं कसं, पोरी?"

"अहो आजोबा, पाहुणा ज्या खोलीत बसतो ती तर लख्खच दिसणार ना?"

सगळे हसले. आजोबा नाही हसले. त्यांनी सही केली, पण समासात बारीक अक्षरात लिहिलं, 'फार दिवस न वाचलेल्या जागांची परीक्षा झालेली नाही.' ती ओळ चाळणीनं वाचली होती. वाचली आणि पान उलटलं. चिप बाजारात गेली, आजोबा निवृत्त झाले, चाळणीला एक काचेचं मानचिन्ह मिळालं. दोन वर्षं सरली.

तिचा नवरा लिफ्टचा मेकॅनिक होता. इंजिनियर बाई आणि मेकॅनिक नवरा ही जोडी कशी जमली, असं लोक आडून विचारत. ती सरळ सांगायची, "शिकत होते तेव्हा लिफ्टमध्ये अडकले. यानं बाहेर काढलं." त्यावर नवरा म्हणायचा, "आणि मग मी अडकलो, तो अजून बाहेर निघालो नाही." हे ऐकून सासूबाई दर वेळी "पुरे रे, तोच तोच विनोद," म्हणायच्या आणि दर वेळी हसायच्या.

संध्याकाळी हातपाय धुऊन तो चहाला बसला की दिवसभराच्या लिफ्टांचं पुराण सुरू व्हायचं. आणि हल्ली त्या पुराणात लिफ्ट चालवणारे नवे इलेक्ट्रॉनिक बोर्ड फार येऊ लागले होते.

"कमाल आहे हं," एकदा तो म्हणाला. "लिफ्ट चालता चालता थांबते. ना तार तुटलेली, ना मोटार गरम. मेन स्विच पाडायचा, दहा मोजायचे, पुन्हा चढवायचा. की निघाली नव्या नवरीसारखी! मग दोन महिने बघायला नको. मामा म्हणतात, हिला अधूनमधून डुलकी लागते."

मामा म्हणजे त्याचे कामावरचे जोडीदार, जुने मिस्त्री. ते कोणाचे सख्खे मामा नव्हते, पण त्या धंद्यातल्या सगळ्यांचे होते. चाळीस वर्षं मोटारींच्या घरघरीत काढल्यानं त्यांचे कान पार गेले होते.

पहिल्यांदा ऐकलं तेव्हा ती हसली. दुसऱ्यांदा ऐकलं तेव्हा हातातली बशी तिनं खाली ठेवली. तिसऱ्या वेळी विचारलं, "थांबतात त्या लिफ्टा कुठल्या? कुठल्याही?"

तो विचार करू लागला. "नाही गं. ज्यांची मशीन रूम गच्चीवर पत्र्याखाली आहे त्याच. आत पाऊल ठेवलं की भट्टीत शिरल्यासारखं होतं."

"एखादा बदललेला बोर्ड मिळेल?"

"भंगारात पडलेत की दोन. का?"

त्यानं दुसऱ्या दिवशी बोर्ड आणला. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून तिनं भिंगातून चिपवरचे आकडे पाहिले. शेवटची दोन अक्षरं तिनंच निवडलेली होती.

"काय झालं गं?" सासूबाईंनी विचारलं. "तोंड का उतरलं?"

"काही नाही आई. ओळखीचं निघालं कोणीतरी."

लिफ्ट थांबते ती सर्किटनं दोन चुकांची बोंब मारली म्हणून, हे तिच्या ध्यानात आलं होतं. मेन स्विच पाडला की मेमरी रिकामी होते आणि चढवला की जपून ठेवलेल्या मूळ प्रतीवरून पुन्हा नव्यानं भरते, म्हणून डुलकी उडते. म्हणजे थांबणं हे वाईट नव्हतंच. थांबते तोवर सर्किट शुद्धीवर आहे. पण खणांत चुका साचताहेत हे नक्की, आणि सतत वाचल्या जाणाऱ्या जागांत दोन झाल्या की निदान समजतं तरी. ज्या जागा महिनोन्‌महिने कोणी वाचतच नाही, तिथं दोनाच्या तीन होताना बघणारं कोण होतं?

तिनं ऑफिसच्या चाचणी भट्टीत वीस चिपा लावल्या. पत्र्याखालच्या खोलीइतकी उष्णता ठेवली आणि मेमरीचा अर्धा भाग मुद्दाम वाचला नाही. कोणाला काही सांगितलं नाही. वाट बघायचे ते दिवस तिला फार जड गेले. घरी नवऱ्यानं लिफ्टचं नाव काढलं की ती उठून दुसऱ्या खोलीत जायची.

चोविसाव्या दिवशी सकाळी साडेदहाला तिनं न वाचलेला भाग वाचायला लावला. पडद्यावर आकडे सरकू लागले. पुष्कळ जागी एक चूक, दुरुस्त. काही जागी दोन, लाल खूण. आणि मग सातव्या चिपमधली एक ओळ आली. मूळ आकडा बारा होता, वाचलेला आकडा पाचशे चोवीस, आणि शेजारी हिरवी खूण. सगळं ठीक. चौदाव्या चिपमध्ये आणखी एक. अठराव्यात दोन.

लिफ्टच्या बोर्डात असं काय असतं, की जे एरवी वाचलंच जात नाही? उत्तर तिला पाठ होतं, चहाच्या वेळी शंभरदा ऐकलेलं. मेकॅनिक तपासणीसाठी केबिनच्या टपावर चढतो, तेव्हा केबिन मुंगीच्या पावलानं चालायची असते. त्या हळू वेगाचा आकडा वाचला जातो तो तेव्हाच. एरवी सहा सहा महिने त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही.

आज मंगळवार होता. मंगळवारी त्यांची तपासणी असायची.

नवऱ्याचा फोन लागेना. लिफ्टच्या शाफ्टमध्ये तो कधीच लागत नसे. सकाळी त्यानं इमारतीचं नाव घेतलं होतं, तिथली मशीन रूमही पत्र्याखालचीच; तेवढ्यावर ती निघाली. पंधरा मिनिटांचा रस्ता. खाली रखवालदार खुर्ची टाकून बसला होता, लिफ्टच्या दाराला 'काम चालू आहे' ची पाटी.

"मिस्त्री कुठं आहेत?"

"वर असतील बाई, आठव्या-नवव्याला."

"वरचा मेन स्विच पाडा. आत्ताच्या आत्ता!"

"आपल्याला नाही पाडता यायचा. चावी मिस्त्रींकडे."

ती जिन्यानं पळाली. नवव्या मजल्यावर पोचली तेव्हा छातीत भाता चालला होता. बंद दारापलीकडून तिला ओळखीचा आवाज ऐकू आला. नवरा मामांना काहीतरी मोठ्यानं सांगत होता, पण निवांत, घरी बोलतो तसा. तिनं दोन्ही तळव्यांनी दार बडवलं.

"कोण आहे?"

"मी आहे! खाली उतरा दोघं! बटण दाबू नका!"

"तू? तू इथं कशी? काय म्हणतेस?"

"बटण! बटण!"

मामांना तेवढंच ऐकू आलं. ते म्हणाले, "हां, दाबतो," आणि त्यांनी दाबलं.

पुढचं तिनं पाहिलं नाही, ऐकलं फक्त. आधी दोर सणाणले. मग दारापलीकडून काहीतरी अवजड सरकन वर गेलं, इतक्या वेगानं, की दाराच्या फटीतून वारा तिच्या तोंडावर आला. मग नवऱ्याची आरोळी, लोखंडाचा खणखणाट आणि शांतता. त्या शांततेत वरून मामांचा आवाज येऊ लागला. तो बोलण्याचा आवाज नव्हता.

टपावर तांबडं बटण असतं. ते थेट तारेनं मोटारीची वीज तोडतं, मध्ये चिप नसते. नवऱ्यानं पडता पडता त्याच्यावर हात आपटला होता. केबिन शाफ्टच्या छताखाली हातभर अंतरावर थांबली. नवऱ्याला खरचटण्यापलीकडे काही झालं नाही. मामा मात्र धक्क्यानं कडेला फेकले गेले आणि त्यांचा उजवा खांदा भिंतीतल्या लोखंडी कडीत सापडला.

बोर्डवाल्या कंपनीची माणसं दुपारीच आली. त्यांनी सवयीप्रमाणे मेन स्विच पाडला, दहा मोजले, चढवला आणि तपासणीचं बटण दाबून पाहिलं. केबिन मुंगीच्या पावलानं चालली. पाच वेळा पाहिलं, पाचही वेळा तशीच. बोर्डात कसली नोंद नव्हती, कारण नोंद ठेवणारा भागच नव्हता. अहवालात त्यांनी लिहिलं, 'यंत्र निर्दोष. वयस्क कारागिराची हयगय.'

ही बातमी नवऱ्यानं घरी आणली. तो दारातच उभा राहिला, चपला न काढता. "मामांची हयगय म्हणे. चाळीस वर्षांत जो माणूस एकदाही हातमोजा विसरला नाही, त्याची." मग त्यानं तिच्याकडे बघितलं. "तू तिथं कशी आलीस, हे मी अजून विचारलं नाही."

तिनं सांगितलं. भट्टी, हिरवी खूण, तीन कापलेल्या गोष्टी, समासातली ओळ, सगळं. सासूबाई आतून ऐकत होत्या.

"तुला ठाऊक होतं?" त्यानं विचारलं.

"आज सकाळी साडेदहाला ठाऊक झालं. पण संशय महिन्याभरापासून होता." तिनं पुढचंही सांगून टाकलं, "आणि मोजक ठेवला असता तर दोन वर्षांपूर्वीच कळलं असतं. तो मी काढला."

"महिनाभर आपण एका ताटात जेवलो."

"खात्री करून मग सांगू म्हटलं."

तो आत गेला. त्यानंतर चार दिवस तो तिच्याशी गरजेपुरतं बोलला. मीठ दे, दार लाव, एवढंच. सासूबाई एकदा तिच्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "त्याला राहू दे थोडा. पण तू अशी बसून नको राहूस. त्या मिस्त्रीच्या माथी खोटं मारलंय, ते आधी काढ."

साहेबांनी तिचे भट्टीतले आकडे पाहिले आणि दार लावून घेतलं. "भट्टी म्हणजे काही इमारत नव्हे."

"उष्णता तीच ठेवली होती."

"वीस चिपांवरून लाखो चिपांना नावं ठेवायची? आणि लिफ्टवाल्यांना हे सांगायला आपल्याला कोणी विचारलंय का? हे बघ, पुढच्या चिपमध्ये मोजक परत घाल. गुपचूप. कोणाचं काही बिघडणार नाही."

"ज्या बाहेर गेल्यात त्यांचं काय?"

साहेबांनी आराखडा उघडून शेवटचं पान तिच्यापुढे सरकवलं. मग फार हळू म्हणाले, "चाळणे, त्या आराखड्यावर तुझी सही आहे."

त्यांनी ते धमकी म्हणून म्हटलं की काळजीनं, हे तिला शेवटपर्यंत कळलं नाही. पण सही तिची होती यात शंका नव्हती, आणि तीच तिच्या कामी आली. तिनं रजा टाकली, आकडे आणि आराखडा बरोबर घेतला आणि लिफ्टांची सरकारी तपासणी करणाऱ्या कार्यालयात गेली. तिथल्या अधिकारी बाईंनी दोन तास ऐकून घेतलं.

"हे भाग काढायचं कोणी ठरवलं?"

"मी."

"वरून हुकूम होता?"

"वीज निम्मी करायचा हुकूम होता. काय काढायचं ते मी ठरवलं."

बाईंनी लिहायचं थांबवलं. "हे असंच लिहू? तुम्हाला पुढे अवघड जाईल."

"असंच लिहा. नाहीतर ते मामांच्याच नावावर राहील."

नोकरी गेली. काढून टाकलं असं कोणी म्हटलं नाही, पण तिचं टेबल दुसऱ्या मजल्यावर हलवलं, मग तिथूनही हलवलं, आणि तिसऱ्यांदा हलवलं तेव्हा तिनं राजीनामा दिला. मामांवरचा ठपका मागे घेतला गेला. लिफ्टांसाठी फर्मान निघालं, की हे बोर्ड बदलेपर्यंत टपावर चढण्याआधी प्रत्येकानं मेन स्विच पाडून पुन्हा चढवायचाच. सहा महिन्यांत बहुतेक बोर्ड बदलले.

ती मामांना भेटायला गेली, तेव्हा ते डाव्या हातानं चहा पीत होते. उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, पुढेही कधी गेला नाही. तिनं सगळं कबूल केलं, अगदी आपण "बटण" ओरडलो तेही. त्यांना ते नीट ऐकू यावं म्हणून तिला मोठ्यानं बोलावं लागलं, आणि शेजारच्या दारात माणसं येऊन उभी राहिली.

"तू ओरडली नसतीस तरी मी दाबलंच असतं," मामा म्हणाले. "त्याचसाठी चढलो होतो." मग कप खाली ठेवून त्यांनी विचारलं, "पण ती तुझी चिप काय फक्त लिफ्टांतच बसते होय?"

पुढे ती या प्रश्नाच्याच मागे लागली. चिप दलालांमार्फत विकली गेली होती, एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या. कमी विजेवर चालते म्हणून तिला मागणी फार. अधिकारी बाईंच्या कार्यालयात आता तिला एक टेबल मिळालं होतं. तिथून ती पत्रं पाठवायची. तुम्ही ही चिप घेतली का, कशात बसवली, ते यंत्र कुठल्या जागी आहे, ती जागा तापते का? नवरा पुन्हा बोलू लागला होता. पाकिटांवर पत्ते तो लिहायचा, त्याचं अक्षर चांगलं. टपावर मात्र तो त्यानंतर एकदाही चढला नाही.

उत्तरं येत. पंपवाल्यांचं आलं, वजनकाट्यांच्या कारखान्याचं आलं. काहींनी चिपा बदलल्या, काहींनी वकिलाकडून उत्तर पाठवलं. निम्म्याहून अधिक चिपांचा ठावठिकाणा लागेना.

मग एका गुरुवारी एक पातळ पाकीट आलं. अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ज्या काचेच्या उबदार पेटीत ठेवतात, त्या पेट्या बनवणारा एक छोटा कारखाना होता. पत्र मालकाच्या मुलीनं लिहिलं होतं, सरळ आणि सभ्य. वडील वारले, कारखाना मागच्या वर्षी बंद झाला. होय, चिप हीच वापरली होती. चारशे दहा पेट्या विकल्या. बहुतेक लहान गावांतल्या दवाखान्यांना, जिथं वीज कमी असते. गिऱ्हाइकांची यादी वडिलांच्या डोक्यात होती, कागदावर नाही.

नवऱ्यानं पत्र वाचून टेबलावर ठेवलं. "आता?"

ती नकाशा उलगडत होती. "त्या मुलीला पेट्यांचा ट्रक कोण चालवायचा ते आठवत असेल," ती म्हणाली. "तो जिवंत असला तर त्याला रस्ते ठाऊक असतील."

सासूबाईंनी न सांगताच दोघांची एक बॅग भरायला घेतली.